ईशापूर थ्री-नॉट-थ्री: फोरएंडला तडा, गोळ्या वर चढतात, नळीत गंज

अक्रोडी (प्रश्न)

थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफल, ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३ स्टार. सॉकेटवर (बट जिथे बसतो त्या पोलादी कड्यावर) मुकुट, जी.आर.आय., ईशापूर आणि १९४२. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) आणि रिसीव्हर (तो ज्यात सरकतो ते पोलादी अंग) यांचे नंबर जुळतात. अमेरिकेत रीतसर घेतलेली आहे, फक्त रेंजवर चालवायची आहे.

१०० यार्डांवर पहिल्या तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात. नळी तापली की पुढच्या एकेक करत वर जातात. फोरएंडच्या (नळीखालच्या लाकडाच्या) मागच्या टोकाला, मधोमध, ३ सेंटिमीटरचा तडा आहे. ट्रिगरचे दोन टप्पे वेगळे जाणवत नाहीत, सगळी ओढ एकच लागते. शिवाय खडकीची जुनी, के.एफ. (किरकी फॅक्टरी) शिक्क्याची काडतुसे वापरल्यावर नळी सॉल्व्हंटने चकचकीत केली, तरी आठवड्याभरात आत तांबूस थर आला.

तड्यात अ‍ॅराल्डाइट भरून ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू आवळला तर चालेल का? सुरुवात कुठून करावी?

रंधा-पटाशी

स्क्रू आवळू नका. तडा, वर चढणाऱ्या गोळ्या आणि बिघडलेला ट्रिगर हे तिन्ही बहुधा एकाच ठिकाणाहून आलेत, ते म्हणजे लाकूड आणि रिसीव्हर यांची बैठक.

आधी चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. सॉकेटवर किंवा लाकडावर डी.पी. (कवायतीची) किंवा ई.वाय. (ग्रेनेड फेकायची) अशी अक्षरे नाहीत ना, तेही बघा. असतील तर ती रायफल झाडायची नाही, पुढचे सगळे रद्द.

खोलताना एक चूक फार महागात पडते. बट (खांद्याला टेकणारे लाकूड) आधी काढायचा नाही. बटमधल्या लांब बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते फोरएंडच्या मागच्या पट्टीत अडकलेले असते. फोरएंड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की चौकोन लाकडाला आतून फाडतो. तुमचा तडा कदाचित असाच कुणीतरी पाडलेला असेल. म्हणून क्रम असा: रायफलचा सरकता बोल्ट, मॅगझिन, नोजकॅपचे (पुढच्या टोकावरच्या धातूच्या टोपीचे) दोन्ही स्क्रू, नोजकॅप, मधला बाहेरचा बँड, वरची लाकडे. मग खालून आतल्या बँडचा छोटा स्क्रू, त्याच्या स्प्रिंग आणि वॉशरसकट. हा लोक विसरतात आणि फोरएंड उपटत बसतात. शेवटी ट्रिगर गार्डचे दोन्ही स्क्रू. फोरएंड सरळ खाली आला पाहिजे. आपसूक गळून पडत असेल तर बैठक गेली असे समजा. चांगली बसलेली असेल तर तळहाताने दोन-तीन हलके ठोके द्यावे लागतात.

आता मॅगझिनच्या मागची, लाकडातली दोन तोंडे बघा. धक्का रिसीव्हरकडून या दोन तोंडांवर येतो, त्यांना ड्रॉज म्हणतात. वर्षानुवर्षे तेल मुरून ती मऊ पडतात आणि दबतात. मग फोरएंड रिसीव्हरवर पुढे-मागे हलू लागतो, लाकडाची मागची कड बट सॉकेटवर आपटते आणि तिथूनच तडा सुरू होतो. रिसीव्हरच्या त्या भागाला दिव्याच्या काजळीचा पातळ हात द्या, फोरएंड बसवा, काढा. काजळी दोन्ही तोंडांवर सारखी उमटली पाहिजे. एकाच बाजूला उमटली तर सगळा भार तिथेच पडतोय आणि नुसता तडा चिकटवून तो महिनाभरही टिकणार नाही.

दुरुस्ती: लाकडातले तेल आधी बाहेर काढा. खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप द्या, सुकू द्या, ब्रशने झाडा. पूड पिवळी पडायची थांबेपर्यंत, म्हणजे चार-पाच वेळा. तेलकट लाकडाला अ‍ॅराल्डाइट धरत नाही. मग पातळ पाचर घालून तडा केसभर उघडा, हळू सुकणारे अ‍ॅराल्डाइट आत जाऊ द्या, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळून २४ तास ठेवा. नंतर तड्याला आडवे भोक पाडून ३ मि.मी. आट्यांची पितळी सळी चिकटवा आणि तोंडावर लाकडाची बुची बसवा.

ड्रॉज दबले असतील तर पटाशीने साधारण एक सूत खोल कापून कडक लाकडाचे तुकडे बसवा. तंतूंची टोके रिसीव्हरकडे हवीत, कारण आडवे तंतू पुन्हा दबतात. तुकडा किंचित जाड ठेवा आणि काजळी बघत बघत कानशीने उतरवा. शेवटी लाकडाची मागची कड आणि सॉकेट यांत पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहिली पाहिजे.

ईशापूरच्या बऱ्याच फोरएंडना चेंबरखाली आरपार एक आडवा स्क्रू असतो. तो मूळचाच आहे, लाकूड फाटू नये म्हणून घातलेला. कुणाची जुगाड दुरुस्ती समजून काढू नका.

चिंदी ४ बाय २

नळीचे मी सांगतो. खडकीच्या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बार पेटवणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असते. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मीठच. ते हवेतली ओल ओढते आणि पोलाद खाते. सॉल्व्हंट काजळी आणि तांबे काढतो, मीठ विरघळवत नाही. म्हणून चकचकीत नळीही गंजते.

त्याच दिवशी, घरी पोचल्यावर लगेच, चेंबरमध्ये नरसाळे लावून दोन-अडीच लिटर उकळते पाणी ओता. कोमट नको. नळी हाताला चटका बसेल इतकी तापली पाहिजे, म्हणजे ती स्वतःच सुकते. बोल्ट हेडचे तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरखालची (काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याखालची) खाचही धुवा, तिथला गंज लक्षात येत नाही. मग पुल-थ्रूला (नळी पुसायच्या दोरीला) ४ बाय २ इंचांची कोरडी चिंदी लावून चार-पाच वेळा ओढा आणि शेवटी ४ बाय दीड इंचाची, तेलात भिजवून पिळलेली. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा एक चिंदी. ती तांबूस आली तर पाणी परत ओता.

दोरी चेंबरकडून घाला आणि नळीच्या तोंडातून सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढली तर ती नळीच्या तोंडाची कड एका बाजूने झिजवते आणि ती झीज कुठल्याही सफाईने परत येत नाही.

अक्रोडी

काजळी लावून पाहिले. डावीकडे पूर्ण, उजवीकडे फक्त एक ठिपका. आणि पुढच्या गार्ड स्क्रूवर काहीच नाही. भोकात एखादी नळकांडी असायला हवी होती का?

रंधा-पटाशी

हो, पोलादी कॉलर. तीच हरवली आहे. कॉलर नसली की स्क्रूचा जोर थेट लाकडावर येतो, लाकूड दबते आणि गार्ड वर सरकतो. या मॉडेलमध्ये ट्रिगर गार्डमध्येच खिळलेला असतो, त्यामुळे गार्ड वर गेला की ट्रिगर आणि सिअर (ट्रिगर सोडवतो तो अडसर) यांची मापे बदलतात. तुमचे दोन टप्पे तिथे गेले. सिअरला कानस लावू नका!

नवी कॉलर बहुधा लांब निघेल. गार्ड लाकडाला आणि कॉलरला एकाच वेळी टेकेपर्यंत ती दोन-तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) करत घासा. फार घासली तर फेकून द्यावी लागेल. बैठक जमली की पहिला टप्पा ३ ते ४ पौंड आणि दुसरा ५ ते ६ पौंड लागायला हवा.

गोळ्या वर चढण्याबद्दल: नोजकॅपच्या मागे, लाकडात, स्प्रिंगवर बसवलेला छोटा खुंट असतो. तो नळीला खालून वर रेटतो. जुन्या ग्रीसने तो अडकला असेल तर रॉकेलमध्ये बुडवून मोकळा करा. बोटाने दाबल्यावर तो उसळून वर आला पाहिजे. चेंबरजवळचा भाग आणि हा खुंट सोडला तर नळी लाकडाला कुठेही टेकू नये. कागदाची पट्टी घालून सरकवा. जिथे अडेल तिथे नळीला काजळी लावून तेवढेच लाकूड खरवडा.

रिमगेज

लाकूड झाले की झाडण्याआधी हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला उरणारी जागा) तपासा. थ्री-नॉट-थ्रीत तो काडतुसाच्या रिमवर (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर) धरतात. एक्स्ट्रॅक्टर काढा, गेज घाला, बोल्ट एका बोटाने खाली आणा, जोर लावू नका. ०.०६४ इंचाच्या गेजवर बंद व्हायला हवा, ०.०७४ वर होता कामा नये. झालाच तर दुसरा बोल्ट हेड लागेल. नंबर ४ (नंतरच्या मॉडेल) मध्ये हेडवर ० ते ३ आकडे असतात, नंबर १ मध्ये नसतात, म्हणून पाच-सहा हेड मायक्रोमीटरने मोजून लांब असलेला निवडावा लागतो. काडतुसाच्या रिकाम्या केसवर (पितळी टरफलावर) रिमपासून सेंटिमीटरभर पुढे चमकदार कडे दिसू लागले तर ती केस पुन्हा भरू नका, पुढच्या वेळी तिथेच तुटेल.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: .३०३ इथे प्रतिबंधित बोअर आहे. पण ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल याच अ‍ॅक्शनवर बनते, त्यामुळे काजळीची तपासणी आणि तेलाची काळजी तिलाही लागू पडते. खोलण्या-जोडण्याचे काम मात्र परवानाधारक आर्मररकडेच द्या.

आणि अक्रोडी, शेवटी लाकडाला कच्चे जवसाचे तेल द्या. दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन, हात गरम होईपर्यंत चोळा, उरलेले पुसा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. ड्रॉजच्या तोंडांना तेल लावू नका. पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागते. त्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात पसरून वाळवा.