साडेदहा वाजता खाडीत पाणी असेल का?

ए-२०१ (सचिव) : सर्व सभासदांना नमस्कार. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या कौटुंबिक सहलीसाठी आतापर्यंत सतरा कुटुंबांनी नावे दिली आहेत. मुलुंड-ऐरोली पूल ओलांडला की ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र फार लांब नाही, त्यामुळे दोन मिनी बस पुरतील. माघ वद्य प्रतिपदेच्या रविवारी बरीच मंडळी लग्नकार्यांत असल्याने त्याच्या पुढचा रविवार धरावा, सकाळी गेटवर नाश्ता करून साडेनऊला निघावे आणि साडेदहाची बोट घ्यावी, असे कार्यकारिणीला वाटते. कोणाची हरकत असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावी.

सी-१०४ : आमची चार नावे धरावीत. बोटीत साडेतीन वर्षांच्या मुलाला घेतात का, एवढे कृपया विचारून ठेवावे.

बी-५०२ : सचिवसाहेब, माझी हरकत आहे, आणि ती लग्नांबद्दल नसून पाण्याबद्दल आहे. माझे माहेर ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले. आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होते, पण होडी कधी काढायची हे त्या घड्याळावर कधीच ठरले नाही. माझी आजी तिथी विचारायची आणि तिची पाऊणपट करायची; येणारा आकडा म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ. प्रतिपदेला एकाची पाऊणपट, म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, आणि दुसऱ्या दिवशी हे सगळे पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकली गेली आहेत.

आता आपण निवडलेला रविवार पाहावा. तो येतो वद्य अष्टमीला. त्या दिवशी भरती सकाळी सहाच्या सुमारास होऊन गेलेली असेल आणि दुपारी बाराला पूर्ण सुकती असेल. त्यातही अष्टमी म्हणजे भांगाचा दिवस. उधाणाला जसे पाणी साडेचार मीटरपर्यंत चढते तसे भांगाला चढतच नाही. साडेदहाला आपण धक्क्यावर पोहोचू तेव्हा समोर चिखल दिसेल, आणि चिखलातून बोट जात नाही.

ए-६०४ : वहिनी म्हणतात ते आम्ही स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी दोन्ही नातवंडांना घेऊन आम्ही कोणालाही न विचारता, काही न पाहता भर दुपारी तिथे जाऊन उभे राहिलो होतो. पक्षी होते, पण इतके लांब की धाकटी म्हणाली, ‘आजोबा, ती गुलाबी रेघ म्हणजेच फ्लेमिंगो का?’ बोट नाही, सावली नाही आणि पाण्याची बाटली गाडीत राहिलेली. त्यात चूक सर्वस्वी आमची होती.

सी-३०३ : माझी सूचना वेगळी आहे. पाणी जास्त हवे असेल तर मग ऐन भरतीलाच का जाऊ नये? प्रतिपदेला पावणेएकची बोट घेतली तर नाश्ताही निवांत होईल आणि लग्नाचा मुहूर्त गाठून येणाऱ्यांचीही सोय होईल.

बी-५०२ : दादा, ऐन भरतीला बोट सुरेख चालते, पण पक्षी जागेवर नसतात. रोहित पक्ष्याचे, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोचे, ताट म्हणजे तो चिखल. ओहोटीने उघडा पडलेला चिखल आणि त्यावरचे वीतभर पाणी एवढ्यातच त्याचे सारे जेवण चालते. पाणी गुडघ्यावर चढले की तो उठतो आणि भरती ओसरेपर्यंत नेरूळकडच्या किंवा भांडुपच्या पाणथळीत जाऊन उभा राहतो. म्हणून वेळ अशी साधावी लागते की बोटीखाली पुरेसे पाणी आले आहे, पण काठाचा चिखल अजून बुडालेला नाही. प्रतिपदेला ती वेळ साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान येते. तेव्हा पाणी भरत असते, पक्षी मागे मागे सरकत बोटीच्या वाटेच्या जवळ येतात आणि आपल्याला त्यांच्या मागे धावावे लागत नाही. वेळ कार्यकारिणीने बरोबर निवडली आहे, रविवार तेवढा चुकला आहे.

ए-२०१ (सचिव) : केंद्राच्या नोंदणीत आत्ताच पाहिले. बोटींच्या वेळा खरोखरच रोज वेगळ्या आहेत, आणि अष्टमीच्या रविवारी साडेदहाची बोट यादीतच नाही. प्रतिपदेच्या रविवारी पावणेअकराची आहे. लग्नाला जाणाऱ्या कुटुंबांची क्षमा मागून प्रतिपदा निश्चित करतो. सोमवारी केंद्र बंद असते, तेव्हा पैसे आणि नावे शनिवारपर्यंतच द्यावीत. लहान मुलांना बोटीत घेतात. जीवरक्षक जॅकेट मात्र सर्वांनाच घालावे लागेल.

ए-६०४ : मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, म्हणून एक शंका मांडतो. ज्या खाडीच्या वासाने आपण पुलावर गाडीच्या काचा वर करतो, तिथे हे देखणे पक्षी येतात कशाला? थोडे वाचल्यावर समजले ते असे. आपल्याकडे येणाऱ्यांत मोठी संख्या छोट्या रोहिताची असते आणि त्याचे मुख्य अन्न म्हणजे सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस खाडीत उतरतात, त्यावर हे शेवाळ फोफावते, आणि पक्ष्याला गुलाबी रंगही त्यातल्याच कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो. नव्वदच्या दशकापासून इथे थवे येऊ लागले आणि आता एखाद्या हंगामात त्यांची संख्या एक लाखाच्याही वर गेलेली नोंदली गेली आहे. यावरून कोणी खाडी घाण आहे तेच बरे, असा अर्थ काढू नये. जेवण वाढवणारे पाणी एका मर्यादेपलीकडे प्राणवायू संपवणारे पाणी होते, आणि कारखान्यांतून आलेले जड धातू तर कोणाचेच अन्न नव्हेत.

सी-३०३ : सर, म्हणजे आपल्या सोसायटीचाही त्यांच्या भोजनाला हातभार आहे म्हणायचे.

बी-४०१ : हे सरकारी अभयारण्य आहे की नुसती पिकनिकची जागा? तिथे लहान स्पीकर चालेल का? मुलांसाठी दोन-चार खेळ घेण्याचा विचार होता.

ए-२०१ (सचिव) : स्पीकर चालणार नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य म्हणून अधिसूचित झाले. सुमारे १,६९० हेक्टर, त्यातले निम्म्याहून थोडे अधिक कांदळवन आणि बाकी पाणी. मालवणनंतरचे हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. खेळ आपण परत आल्यावर गच्चीवर घेऊ. ड्रोन कोणी आणू नये, आणि पोह्यांची पाकिटे गेटवरच संपवावीत. बोटीत फक्त पाणी न्यावे.

*(प्रतिपदा, रविवार, रात्री)*

सी-१०४ : सर्वांचे आभार. साडेतीन वर्षांचा आमचा मुलगा बोटीत अर्धा वेळ झोपला, पण जागा होता तेव्हा त्याने जे पाहिले ते तो घरी आल्यापासून एका पायावर उभा राहून दाखवतो आहे.

ए-६०४ : माझ्या मते आजची खरी मेजवानी बोटीच्या आधीच, कांदळवनातल्या लाकडी पायवाटेवर होती, आणि बरेच जण धक्का गाठण्याच्या घाईत तिथून भराभर निघून गेले. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी हजारोंनी वर आलेली होती. मार्गदर्शक मुलाने एका पानावरून बोट फिरवून ते जिभेला लावायला सांगितले, आणि ते खारट लागले. तिवर मुळांतून बरेचसे मीठ गाळतो आणि जे आत येते ते पानांतून बाहेर टाकतो. हीच गोष्ट मी फळ्यावर परासरणाच्या आकृत्या काढून तीस वर्षे शिकवली, पण एकाही विद्यार्थ्याला कधी पान चाखायला दिले नाही. शेजारीच पांढऱ्या चिप्पीचे झाड होते. २०२० पासून ते आपल्या राज्याचे कांदळवृक्ष आहे, हे मला आजच कळले.

बी-४०१ : सर, आम्ही घाईतल्यांपैकीच. पण त्या पायवाटेखालच्या चिखलात उड्या मारणारे ते काय होते? मुलगी बेडूक म्हणते, मला तर मासा वाटला.

बी-५०२ : तो मासाच, त्याला निवटी म्हणतात. ओल्या कातडीतून आणि कल्ल्यांत धरून ठेवलेल्या पाण्यावर तो हवेत श्वास घेतो, पुढच्या परांवर रेलून चिखलावर चालतो, आणि दुसरा निवटी आपल्या बिळाजवळ आला की पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडून त्याला दम देतो. लहानपणी आम्ही निवट्या हाताने पकडायचो; बिळाच्या एका तोंडात हात घालायचा आणि दुसरे तोंड पायाच्या टाचेने बंद करायचे. निवट्यांचे कालवण ज्याने खाल्ले आहे त्याला मी अधिक काही सांगायला नको. आज त्या लाकडी कठड्यावरून वाकून पाहताना माझ्या मुलाने विचारले, ‘आई, हे खातात?’ आणि आजूबाजूचे सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हो म्हणाले. त्याच चिखलात एक नांगी बाकी अंगापेक्षा मोठी असलेले खेकडे होते. ती नांगी नराची, आणि ती हलवून तो मादीला बोलावत असतो.

सी-३०३ : बोटीबद्दल मी लिहितो, कारण पावणेएकचा आग्रह माझा होता. पावणेअकराला निघालो तेव्हा दोन्ही काठांना चिखलाचा रुंद पट्टा उघडा होता आणि त्यावर पक्षी दाटीने उभे होते. बोटवाल्याने इंजिन मंद केले आणि शेवटी बंदच केले. मग बदकांच्या कळपासारखा एक सलग, खालच्या पट्टीतला कलकल आवाज येऊ लागला, जो व्हिडिओत मी कधीच ऐकला नव्हता. छोटे रोहित चोच उलटी करून पाण्याचा वरचा थर गाळत पुढे सरकत होते, आणि त्यांच्यापेक्षा हातभर उंच, फिकट, गुलाबी चोचीचे मोठे रोहित एका जागी पाय आपटत गोल फिरत चिखल ढवळत होते. पाणी मागे हटलेले असताना त्या जागी ताटाएवढी गोल खळगी दिसतात, हेही मार्गदर्शकाने दाखवले. करड्या रंगाचे काही पक्षी होते, त्यांना मी आजारी समजलो होतो. ती पिल्ले होती, अजून रंग न चढलेली. परतताना, सव्वाबाराच्या आसपास, पाणी त्यांच्या गुडघ्यांवर आले आणि एका कडेने थवा उठू लागला. उभे असताना फिकट दिसणारा पक्षी पंख उघडतो तेव्हा आत लाल आणि काळा निघतो. रोहिताचे अग्निपंख हे दुसरे नाव त्या क्षणी पटले. पावणेएकला आम्ही तिथे पोहोचलो असतो तर रिकामे पाणी पाहून आलो असतो. वहिनी, तुमच्या आजींना माझा नमस्कार.

बी-५०२ : आजी असती तर तिने आधी तुम्हाला विचारले असते की खाडीत गेलात आणि हात हलवत कसे परत आलात.

ए-६०४ : लग्नाला गेलेल्या आठ कुटुंबांनी दुसरी फेरी मागितली आहे. फाल्गुनातल्या अमावास्येच्या आसपासचा रविवार पाहावा. उन्हाळा वाढला तरी मे महिन्यापर्यंत पक्षी असतात, पण दुपार मुलांना सोसणार नाही.

ए-२०१ (सचिव) : यापुढे तारीख काढण्याआधी बी-५०२ यांना विचारण्यात येईल. हिशेब उद्या फलकावर लावतो. बसच्या भाड्यातून काही रक्कम उरली आहे, ती दुसऱ्या फेरीत वळती करू. पहिल्या बसमध्ये मागच्या आसनावर एक दुर्बीण आणि लहान मुलाची एक निळी चप्पल सापडली आहे. दुर्बीण ए-६०४ यांची असावी. चप्पल डाव्या पायाची आहे आणि तिला अजून चिखल आहे.