मदत हवी आहे : गाविलगड रांगेतील कातळमाथ्यावरून उतरण्याची वाट

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला जाताना घाटातून जो एकाकी, उघडा कातळमाथा दिसतो, त्यावर दिवाळीनंतर मी आणि माझा मित्र चढू इच्छितो. गेल्या मार्चमध्ये आम्ही दक्षिणेकडील कोरड्या नाल्यातून वर गेलो होतो. मात्र माथ्याखाली सुमारे १५ फुटांचा बेसाल्टचा उभा टप्पा लागला, तेथील दगड हाताला सुटू लागले आणि शेजारच्या कड्याला आग्या मोहळ लटकलेले दिसल्यामुळे आवाज न करता परतलो, जे योग्यच होते असे मला आजही वाटते.

उपग्रह नकाशात पूर्वेकडे एक धार (माथ्याकडे चढत जाणारी डोंगराची अरुंद सोंड) दिसते, परंतु झाडीमुळे ती अखंड आहे की मध्ये तुटलेली आहे, हे समजत नाही. पायथ्याच्या गुराख्यांनाही विचारले. ते माथ्यापर्यंत जात नाहीत. आमच्याकडे दोर नाही, मित्राचा गुडघा उतारावर दुखतो आणि मुक्काम न करता सूर्यास्तापूर्वी परतायचे आहे. या रांगेचा मोठा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात असल्याने परवानगीशिवाय आम्ही जाणार नाही.

पूर्वेकडील धारेवरून कोणी प्रत्यक्ष गेले आहे का? दोराशिवाय, विशेषतः उतरताना, ती सुरक्षित आहे का? दिवाळीनंतर उंच वाळल्या गवतात पायाखालचे सुटे दगड दिसतात का? आणि या माथ्यासाठी पायी जाण्याची परवानगी वनविभागाच्या कोणत्या परिक्षेत्र कार्यालयात मागावी?