दोन तट पडलेल्या मंडळीत उपकारस्तुतीचा बोध कसा द्यावा?

दिवेलागण
सर्वांना सलाम. हंगामाच्या सणाला आमच्या चर्चमध्ये 20 मिनिटांचा बोध (प्रवचन) आणि त्यानंतरची उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, प्रार्थना माझ्याकडे आली आहे. विषय ठरवून दिलाय: 'बंधुभगिनींसाठी देवाचे आभार'. पंच कमिटीच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीपासून मंडळीत दोन तट आहेत, कोण कुठल्या बाकावर बसतं त्यावरूनही ते कळतात. गोडगोड बोललं तर खोटं वाटणार, खरं बोललं तर टोमणा होणार. बायबलमधलं 1 करिंथ 1:4-9 (पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र) घ्यायचं मनात आहे. मांडणी कशी करावी? प्रार्थनेत नावं घ्यावीत का?

समासातली खूण
उतारा चांगला निवडलात, पण नवव्या वचनावर थांबू नका. वाचन 12 व्या वचनापर्यंत न्या, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की करिंथची मंडळी आदर्शच होती.

पौल हे पत्र इफिसाहून लिहितोय (16:8), साधारण इ.स. 53 ते 55 च्या सुमारास. ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी तिथली भांडणं त्याच्या कानावर घातलेली आहेत (1:11), बाकीचंही त्याला कळलेलं आहे. चार तट (1:12), बापाची बायको ठेवणारा (5:1), भावाभावांची कोर्टबाजी (6:1-8), प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा झिंगलेला (11:21), मेलेल्यांचं पुनरुत्थानच नाही म्हणणारे (15:12). हे सगळं ठाऊक असूनही तो देवाची उपकारस्तुती करतो. त्यामुळे 'बिचाऱ्याला माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही.

आता तो आभार नेमके कशाचे मानतो ते बघा. थेस्सलनीकाकरांच्या बाबतीत विश्वास, प्रीती, आशा अशी तिन्ही नावं येतात (1 थेस्स. 1:3). कलस्सैकरांच्या बाबतीत विश्वास आणि प्रीती (1:4). करिंथकरांसाठी आभार मानताना प्रीतीचा शब्दच काढत नाही. नसलेल्या गुणाबद्दल आभार मानायचे नाहीत, एवढा प्रामाणिकपणा त्यात आहे. त्याऐवजी बोलणं, ज्ञान आणि कृपादानं (देवाच्या आत्मिक देणग्या) घेतो (1:5-7). आणि पुढे भांडण कशावरून? ज्ञानाने माणूस फुगतो (8:1), कृपादानांवरून चढाओढ (12 ते 14 अध्याय). म्हणजे ज्या गोष्टींचा ते विचका करतायत, नेमक्या त्याच गोष्टींबद्दल तो आभार मानतो, कारण त्या देवाने दिलेल्या आहेत. वापर वाईट झाला म्हणून देणगी वाईट ठरत नाही.

तुमच्या बोधाचा कणा हाच ठेवा. गायक मंडळी सुरात पक्की असते आणि माइकवरून रुसतेही तीच. हिशेबात एक रुपया न चुकवणारा माणूस वार्षिक सभेत वकिलासारखा उलटतपासणी घेतो. दान आणि दोष बहुतेक वेळा एकाच माणसात, एकाच जागी सापडतात.

आणखी एक. पहिल्या नऊ वचनांत 'ख्रिस्त' हे नाव नऊ वेळा येतं आणि शेवट 'देव विश्वसनीय आहे' असा होतो. करिंथकर विश्वसनीय आहेत असं पौल म्हणत नाही. आभार देवाचे आहेत, मंडळीला चांगल्या वर्तणुकीचा दाखला नाही. हा फरक सुरुवातीच्या चार मिनिटांतच स्पष्ट करा, पुढचं सोपं जाईल.

कोणी म्हणेल, त्या काळच्या पत्रांत आभार मानायची रीतच होती. होती, पण गलतीकरांना लिहिताना पौल ती सरळ गाळतो आणि 'मला आश्चर्य वाटतं' म्हणून सुरू करतो (1:6). नुसता मायना असता तर तिथेही आला असता.

पेटीचा भाता
प्रार्थनेबद्दल सांगतो, कारण चुका तिथेच जास्त होतात. बोधाला लोक माफ करतात, प्रार्थनेतला टोमणा वर्षभर लक्षात ठेवतात.

प्रार्थना लिहूनच काढा. तीन मिनिटांना साधारण 250 शब्द पुरतात. माणसांचे गुण सांगू नका, कामं सांगा. 'प्रेमळ आणि निष्ठावंत सेवक' म्हटलं की समोरच्या बाकावर भुवया चढतात. त्यापेक्षा सहभागितेचे (प्रभुभोजनाचे) छोटे पेले घ्या: उपासना संपल्यावर ते कोणीतरी गोळा करतं, गरम पाण्यात धुतं, फडक्यावर पालथे घालतं, वाळले की मोजून परत ट्रेमध्ये लावतं. 'हे पेले धुणाऱ्या हातांसाठी तुझी स्तुती' म्हणा. कोणत्याही तटाला ते नाकारता येणार नाही. अशी दहा-बारा कामं काढा: सतरंज्या अंथरणं, आजाऱ्याकडे डबा पोहोचवणं, अंत्यविधीला खड्डा खणायला उभं राहणं, शब्बाथ शाळेतल्या पोरांची वचनं पाठ करून घेणं. मग प्रत्येक कामापुढे पेन्सिलीने लिहा, हे कुठल्या बाजूचे लोक करतात. बारापैकी नऊ एकाच बाजूची निघाली तर मसुदा फाडा.

नावं घेऊ नका. पाच घेतलीत तर सहावा दुखावतो, पन्नास घेतलीत तर यादी होते.

'पण', 'तरीही', 'जरी' हे शब्द शोधून काढून टाका. 'जरी आमच्यात मतभेद असले तरी' म्हटलं की लोकांना फक्त मतभेद ऐकू येतात. 'ज्यांना पदाचा मोह आहे त्यांना सुबुद्धी दे' ही प्रार्थना नव्हेच, डोळे मिटून केलेलं भाषण आहे. पापकबुली वेगळी ठेवा, आभारांच्या आधी, आणि तिथे 'ते' नको, 'आम्ही' हवं.

उंबरठा
मी उतारा बदलेन. करिंथचे चार तट म्हणताच लोक मनात स्वतःचे दोन मोजू लागतात. फिलिप्पै 4:2-3 बघा. युवदीया आणि सुंतुखे या दोघी भांडल्यात. पौल 'विनंती करतो' हे क्रियापद दोघींसाठी वेगवेगळं, एकेकदा वापरतो. चूक कोणाची, भांडण कशावरून, एक अक्षर नाही. दोघींनी सुवार्तेसाठी श्रम केले हे सांगतो आणि तिसऱ्या माणसाला मदतीला बोलावतो. मात्र त्याने नावं घेतली म्हणून आपण घ्यायची नाहीत. तो त्या मंडळीचा संस्थापक होता, आपण पाहुणे बोधक.

दुसरी गोष्ट, आणि ती बोधात दोन मिनिटं तरी हवीच: आभारांची चादर कशावर घालायची नाही. पैशाच्या गोंधळावर नाही. मंडळ्यांची वर्गणी नेताना पौलाचा सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला भाऊ का, तर कोणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8:18-21). दानार्पण दोघांनी मोजून दोघांनी सही करायची पद्धत त्याच विचारातली. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचारावर तर मुळीच नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे (2012) ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'मंडळीत मिटवू' चालत नाही. पौल आभार मानून चार अध्याय पुढे 5:13 मध्ये बापाची बायको ठेवणाऱ्या त्या माणसाला बाहेर काढायला सांगतोच.

समासातली खूण
@उंबरठा, मर्यादेचा मुद्दा मान्य. उताऱ्याबद्दल नाही. युवदीया-सुंतुखे घेतलं की भांडण दोन बायकांचं होऊन जातं आणि पुरुष निवांत बसतात.

वसईकर
आम्ही कॅथलिक, तरी एक सुचवतो. मिस्साच्या (आमच्या उपासनेच्या) सुरुवातीच्या कबुलीत आम्ही देवाजवळ आणि 'बंधुभगिनींनो, तुमच्याजवळ' पाप कबूल करतो, म्हणजे शेजारच्या बाकावरचा माणूस साक्षीदार असतो. शांतीचं अभिवादन आमच्याकडे 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' नंतर, ख्रिस्तप्रसादाच्या (तुमच्या प्रभुभोजनाच्या) तोंडावर येतं. तुमच्याकडे ते दानार्पणाआधी असेल तर उत्तमच, मत्तय 5:23-24 मध्ये तोच क्रम आहे: आधी भावाशी समेट, मग अर्पण. त्या वेळी जागा सोडून पलीकडच्या बाकापर्यंत जायला अर्धा मिनिट जास्त द्या. पेटीवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो लगेच गीत उचलतो.

दिवेलागण
सर्वांचे आभार. करिंथच ठेवतो, 5:13 सह. शेवट कुठल्या वचनावर करू?

पेटीचा भाता
16:17-18. स्तेफन, फर्तुनात आणि अखायिक भेटायला आले, त्यांनी पौलाच्या जिवाला विश्रांती दिली, आणि 'तुमच्याही' असं तो जोडतो. हे तिघं त्याच भांडखोर मंडळीतले. वाचन तरुण संघातल्या कोणाला देणार असाल तर शनिवारी एकदा मोठ्याने वाचून घ्या. फर्तुनातवर सगळे अडखळतात आणि मागची पोरं हसतात.