तर्री नेमकी कशाला म्हणायची?

मागच्या आठवड्यात माझा सांगलीकडचा कॉलेजातला मित्र गावी आला होता. सकाळी विदर्भातल्या आमच्या आर्वीच्या स्टँडजवळ पोहे खाल्ले. वर चण्याचा पातळ लालभडक रस्सा, चिरलेला कांदा, सांबार (म्हणजे तिकडची कोथिंबीर). मी नेहमीसारखं म्हटलं, “तर्री मारून दे भाऊ.” मित्राने शब्द लगेच उचलला. मिसळीवर ओततात त्याला तो कट म्हणतो. इकडे त्यालाच तर्री म्हणत असतील, असं त्याने धरून घेतलं.

दुपारी जेवायला बाजारातल्या भोजनालयात गेलो. बाजाराचा दिवस, बाकावर खांद्याला खांदा लागलेला, भट्टीजवळून “दोन पाटोडी, एक हाफ भात” अशा आरोळ्या. ज्वारीची भाकर आणि पाटोडी रस्सा (म्हणजे रश्श्यातल्या बेसनाच्या वड्या) आला. रस्सा संपला तशी मित्राने हाक मारली, “भाऊ, तर्री आणा जरा.” वाढणाऱ्या पोराने गंजाच्या (म्हणजे पातेल्याच्या) वरवरून पळी फिरवली आणि नुसतं लाल तेल त्याच्या वाटीत आणून ओतलं. मित्र वाटीकडे बघतच राहिला. पोरगा म्हणाला, “तर्रीच मांगतली ना तुमी? रस्सा म्हनलं असतं त रस्सा आनला असता.”

दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच हा शब्द इथे मांडतोय. पोह्यावरची तर्री म्हणजे चण्यासकट सगळा रस्सा. समोशावर, आलूबोंड्यावर ओततात तीही तीच. पण जेवणाच्या ताटात तर्री म्हणजे रश्श्यावर आलेला तेलाचा थर, तेवढाच. एकाच गावात, एकाच दिवशी, दोन हॉटेलांत शब्दाचे दोन अर्थ.

मूळ अर्थ कोणता? शाळेत असताना आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं की वर तरते ती तर्री. ऐकायला पटतं. पण मला आता ते खरं वाटत नाही. फारसी ‘तर’ म्हणजे ओला, भिजलेला. घामाने तरबतर होतो तो हाच. आणि गरमवरून गरमी, नरमवरून नरमी, सर्दवरून सर्दी, तशी तरवरून तरी. म्हणजे ओलेपणा, आणि पुढे भाजीचा ओला भाग, रस्सा. हिंदीत ‘तरीवाली भाजी’ म्हणतात ती रसाची, तेलाचा थर तिथे गृहीत नसतो. या हिशेबाने सकाळचा अर्थ जुना आणि दुपारचा नवा.

तुमच्याकडे काय म्हणतात?

कोल्हापूरहून:
आमच्यात कट हा शब्द पक्का आहे, पण ‘तर्रीदार रस्सा’ही सर्रास म्हणतो आणि तेव्हा डोळ्यांसमोर तेलच असतं. शिवाय संस्कृतात तरी म्हणजे होडी. तरण्याचा संबंध इतक्या लवकर सोडू नका.

अकोल्याहून:
घरी आई भाजी वाढताना “तर्री काढून देऊ काय?” असंच विचारायची. बाबांना पित्ताचा त्रास, त्यांच्या वाटीतली तर्री बाजूला काढायची. माझ्यासाठी तर्री म्हणजे तेलच. एक शंका: तरीची तर्री कशी झाली? हा जोर कुठून आला?

मूळ धागाकर्ता:
अकोल्याची शंका महत्त्वाची आहे, तिच्यापासूनच सुरू करतो. स्वयंपाकघरातले आपले दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. हिंदीत शेंगेला फली म्हणतात. आपण शेंगदाण्याला फल्ली म्हणतो, फल्लीचं तेल म्हणतो. मटणातली नळी हिंदीत नली, ताटात आली की नल्ली. तरीची तर्री याच रांगेत बसते. आणि सगळ्या मराठीला ओळखीचा दाखला हवा असेल तर दारू पिऊन माणूस ‘तर्र’ होतो. तो काही तरंगत नसतो, तो भिजलेला असतो. माझ्या मते ओलेपणाच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा हाच.

हे शब्द इकडे घट्ट रुजले याचंही नवल नाही. वऱ्हाड 1903 पासून मध्य प्रांताला जोडलेला होता, आणि 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. बाजारात, कोर्टात, गाडीत हिंदी रोज कानावर पडायची.

कोल्हापूरच्या मित्राची होडी मी पूर्ण नाकारत नाही. व्युत्पत्ती म्हणून ती मला पटत नाही, पण अर्थ वळवण्यात ‘तरणे’चा हात असावा. मिरचीचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. तिखटपणाही तेलातच जास्त मुरतो. मसाला तेल सुटेपर्यंत परतला की तो लाल रंग घेऊन तेल वर येतं. भिवापुरी मिरची असली तर विचारूच नका. डोळ्यांना आधी दिसतं ते हे तेल, जिभेला झोंबतं तेही हेच. कानात ‘तरणे’ असलेल्या मराठी माणसाने रश्श्याचं नाव त्याच्या वरच्या थराला दिलं, असं मला वाटतं. खरं तर अशा थराला मराठीत तवंग हा छान शब्द आहे, पण ताटातल्या रश्श्याबद्दल तो माझ्या तोंडून कधी निघालेला नाही. तवंग म्हटलं की मला डबकं आठवतं. तर्री म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं.

चण्याच्या रश्श्याने मात्र जुना अर्थ सोडला नाही. तो मुळातच पातळ, त्यात थर आणि रस्सा वेगळा करत बसायला पोहे खाणाऱ्याला सवड नसते.

मित्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाला. त्याआधी पुन्हा त्याच जागी पोहे घेतले. या वेळी ऑर्डर त्याने दिली, “पोह्यावर तर्री मारा, पण वरची तर्री नको.” पोहेवाल्याने मान हलवली, पळीच्या पाठीने तेल बाजूला सारलं आणि खालून चणे घेतले.