भोक बुजवलं की विषय संपला? (गांधीलमाश्यांच्या पोळ्यांबद्दल एक चिडका धागा)

पडवीतला:
काल ‘बिनधास्त_बाबा’ यांनी इथे सल्ला दिला. जसाच्या तसा: ‘भिंतीत गांधीलमाश्या शिरल्या म्हणून काय रडायचं? रात्री सगळ्या आत गेल्या की भोकात रॉकेलचा बोळा कोंबा, वरून सिमेंट थापा. विषय संपला. पेस्ट कंट्रोलवाल्याला पैसे देणारे मूर्ख.’ त्याखाली टाळ्यांचा पाऊस. तिथे उत्तर दिलं असतं तर त्या पावसात वाहून गेलं असतं, म्हणून वेगळं लिहितोय.

बाबा, तुम्ही बुजवताय ते त्यांचं दार. दार बंद झालं म्हणून त्या मरत नाहीत, दुसरं पाडतात. गांधीलमाशीचा जबडाच मुळी लाकूड खरवडण्यासाठी असतो. खरवडलेला भुसा लाळेत कालवून ती पोळ्याचा कागद करते. तिला तुमचा जिप्समचा बोर्ड काय जड आहे? आणि सिमेंट बाहेरून लावलेलं असल्यामुळे ती खणते आतल्या बाजूला, म्हणजे तुमच्या खोलीत.

मी एका भाड्याच्या घरात राहायला गेलो तेव्हा आधीच्या बिऱ्हाडाने नेमका हाच पराक्रम करून ठेवला होता. झोपायच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात तपकिरी डाग, ओल आल्यासारखा. रात्री दिवे मालवले की बारीक कुरकुर. घरमालक गळती बघायला आले आणि झाडूच्या दांड्याने डाग दाबून पाहिला. दांडा सरळ आत. बोर्ड आतून खाऊन नुसता रंगाचा पापुद्रा उरला होता. पुढचं सांगायला नको. घरमालकांचा कान आठवडाभर पुरीसारखा होता.

रॉकेलबद्दल तर बोलायलाच नको. भिंतीच्या पोकळीत वायरी असतात. वाफ कोंडते, एखादी ठिणगी पुरते. घर जाळून माश्या मारायच्या असतील तर उपाय उत्तम आहे.

करायचं काय? भोक उघडं ठेवायचं. अंधार पडल्यावर, पूर्ण अंग झाकून, भोकाच्या तोंडाशी कीटकनाशक पावडर मारायची (द्रव फवारा नव्हे, तो पोळ्यापर्यंत पोचतच नाही). येणाऱ्या-जाणाऱ्या माश्या पायांना लावून ती आत नेतात. काही दिवसांत वर्दळ थांबते. ती पुरती थांबल्यावरच बुजवायचं. आणि या सगळ्याच्या आधी, आत नक्की कोण आहे ते बघायचं. मधमाश्या असतील तर वरचं एक अक्षरही लागू नाही.

बिनधास्त_बाबा:
आले उंटावरचे शहाणे. मी सिमेंट लावलं, वर्षं झाली, एक माशी दिसली नाही. तुमचं छत पुठ्ठ्याचं असेल तर त्यात माझा काय दोष? माझी भिंत विटांची आहे.

पडवीतला:
विटांची असेल तर नशीब थोर. पण सल्ला तुम्ही सगळ्या जगाला दिलात, फक्त विटांच्या भिंतवाल्यांना नाही.

तात्या_निवृत्त:
मूळ दोष बांधणाऱ्यांचा. पाइप बाहेर काढतात आणि भोवतालची फट तशीच सोडतात. एसीचा माणूस येतो, मुठीएवढं भोक पाडतो, बोटाएवढी नळी घालतो, निघून जातो. बाकीच्या जागेत मग माश्या नाहीतर काय राहणार? आमच्या काळी गवंडी काम संपल्यावर हात फिरवून बघायचा.

शंकासुर:
माझा प्रश्न छोटा आहे. खिडकीच्या चौकटीत मातीच्या नळ्या दिसतायत आणि एकच लांब कमरेची काळी माशी ये-जा करते. धोका आहे का?

रानवेडी:
सगळे ‘मारायचं कसं’ इथूनच का सुरू करता? गांधीलमाश्या पिल्लांना अळ्या भरवतात, बागेतली कीड फुकटात खातात. पोळं वाटेपासून लांब असेल, कोणी त्याला हात लावत नसेल, तर त्या तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. माझ्या गच्चीच्या पत्र्याखाली उघडं पोळं होतं. छत्रीसारखं, कागदी, घरं मोजता यावीत असं. मी रोज तिथेच कपडे वाळत घालायचे. काही झालं नाही.

मीच_ती:
‘काही झालं नाही’ वाचून डोकं फिरलं. माझा धाकटा भाऊ असाच ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी. पहिल्यांदा डंख बसला तेव्हा नुसता हात सुजला. पुढच्या वेळी दहा मिनिटांत अंगभर गांध्या, ओठ सुजले, उलटी, आणि बोलता बोलता खाली कोसळला. ताई, तुमच्या गच्चीवर नांदवा त्यांना. माझ्या घरात दिसल्या तर मी मारणार, आणि त्याची लाजही बाळगणार नाही.

रानवेडी:
तुमच्या घरात मारू नका असं मी म्हटलंच नाही. प्रत्येक घरात असा भाऊ असतो का, एवढंच विचारते.

मीच_ती:
नसतोच. असतो तेव्हा कळतं.

बिनधास्त_बाबा:
त्यात काय एवढं. नांगी लगेच काढली की विष चढत नाही. पण नखाने चिमटीत धरून काढायची नाही, विषाची पिशवी दाबली जाते. खेळायच्या पत्त्याच्या कडेने खरवडायची. हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

रात्रपाळी:
(मी आपत्कालीन विभागात नर्स आहे, म्हणून मध्ये पडते.) शाळेतल्या पोराला चुकीचं माहीत आहे. 1996 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचा प्रयोग छापून आला. चिमटीने काढा किंवा खरवडा, सुजेत फरक पडला नाही. फरक पडला तो काढायला उशीर झाल्याने. मधमाशीची नांगी सुटली तरी तिच्यासोबतचे स्नायू विष ढकलत राहतात आणि बहुतेक विष पहिल्या काही सेकंदांतच उतरतं. तुम्ही घरभर पत्ता शोधत फिरता तोवर काम झालेलं असतं. नखाने काढा, ओढून काढा, पण आत्ता काढा.

बिनधास्त_बाबा:
मॅडम, एका प्रयोगाने काय होतं? आमच्याकडे तिन्ही पिढ्यांनी खरवडूनच काढल्या.

रात्रपाळी:
आणि तिन्ही पिढ्या जगल्या, हो ना? बहुतेक लोक जगतातच. म्हणूनच तर कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा वाटतो.

बोक्याचा_बाप:
मधमाशीच्या डंखावर खायचा सोडा लावा, गांधीलमाशीच्या डंखावर व्हिनेगर. एकीचं विष आम्ल, दुसरीचं अल्कली. साधं रसायनशास्त्र.

रात्रपाळी:
साधं आहे, म्हणून खरं असेलच असं नाही. विष त्वचेच्या खाली जातं आणि तुमचा सोडा वर राहतो. शिवाय दुखतं ते आम्लामुळे नव्हे. मधमाशीच्या विषात मेलिटिन नावाचा घटक असतो, त्याच्यामुळे. थंड पट्टी ठेवा, साबणाने धुवा, खाज असेल तर अँटिहिस्टामिन (अॅलर्जीची गोळी). तेवढं पुरे.

तात्या_निवृत्त:
माझ्या मानेवर सोड्याने उतार पडला होता. मी खोटं बोलतोय का?

रात्रपाळी:
तात्या, दुखणं तसंही उतरणारच होतं.

तात्या_निवृत्त:
म्हणजे मी खोटं बोलतोय. बरं.

कोपऱ्यातला:
मानेवर म्हणताय म्हणून आठवलं. मायकेल स्मिथ नावाच्या संशोधकाने स्वतःच्या शरीरावर 25 जागी मधमाशीचे डंख घेऊन त्यांना दुखण्याचे गुण दिले. 2014 मध्ये छापलं. पहिला नंबर नाकपुडी, दहापैकी नऊ. वरचा ओठ तिच्या मागोमाग. तिसरी जागा इथे लिहिण्यासारखी नाही. पुढच्या वर्षी त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

बिनधास्त_बाबा:
यालाच विज्ञान म्हणायचं असेल तर माझं सिमेंट बरं.

शंकासुर:
मातीच्या नळ्यांचं कोणी सांगेल का?

पडवीतला:
दोन पानं नांगी कशी काढायची यावर हाणामारी झाली म्हणून लक्षात आणून देतो, धागा गांधीलमाशीचा आहे. ती नांगी सोडून जात नाही. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात म्हणून ती अडकते आणि माशी मरते. गांधीलमाशीची जवळपास गुळगुळीत, ती एकामागून एक मारत सुटते. काढायला तिथे काही नसतंच.

रात्रपाळी:
हे मान्य. पण भावाला चावलं कोण हे त्या बाईंनाही नक्की माहीत नसेल. जे माहीत हवं ते वेगळंच आहे, आणि ते कोणी विचारलं नाही. डंखाच्या जागी कितीही सूज आली, अगदी कोपरापर्यंत, तरी ती बहुधा स्थानिक असते, काही दिवसांत ओसरते. डंखापासून लांब अंगभर गांध्या, घसा आवळणं, दम लागणं, उलट्या, चक्कर, यातलं काही आलं की धाव घ्यायची. त्यावर औषध एकच, अॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. अँटिहिस्टामिनची गोळी देऊन वाट बघणं हा त्याला पर्याय नाही. चक्कर येत असेल तर आडवं झोपवा, ‘चल, रिक्षापर्यंत चाल’ म्हणून उठवू नका. आणि बरं वाटलं म्हणून लगेच घरी पळू नका, काही तासांनी लक्षणं परत उलटू शकतात. तोंडात किंवा घशात डंख असेल तर अॅलर्जी नसली तरी थेट दवाखाना.

मीच_ती:
भावाला नंतर त्या विषाचीच इंजेक्शनं सुरू केली, थोडी थोडी वाढवत. काही वर्षं चालतं ते. हे आधी कोणी सांगितलं असतं तर. सगळ्यांनी सोडा सांगितला.

रात्रपाळी:
चांगलं केलंत. त्या उपचाराने फार फरक पडतो.

बोक्याचा_बाप:
सोड्याचं राहू द्या. पावडरीवर कोणी बोलत नाही. परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या शरीराला पचवता येत नाही, मरतात. मासे तर फारच नाजूक. मी ज्याला बोलावलं तो मनुष्य हॉलभर फवारून गेला आणि ‘मांजराला काही होत नाही साहेब’ म्हणाला. बोका दोन दिवस थरथरत होता. पेस्ट कंट्रोलच्या नावाखाली हातात पंप आला की सगळे शास्त्रज्ञ होतात.

पडवीतला:
भोकात मारलेली पावडर भोकातच राहते, हॉलभर फवारणं हा वेगळा अडाणीपणा. पण मांजराचं म्हणणं बरोबर. त्याला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा.

बिनधास्त_बाबा:
मग धूर करा! बापजाद्यांनी मोहोळं धुरानेच काढली.

रानवेडी:
मोहोळं, बाबा. मधमाश्यांची. धूर आला की त्या पळायच्या तयारीने पोटभर मध पितात, आणि एकीने दुसरीला दिलेला धोक्याचा वासही त्यात बुडून जातो. तो वास पिकलेल्या केळ्यासारखा येतो. पोळ्याजवळ तसा वास आला तर समजा, सूचना निघाली. एखादीला चिरडलंत तरी तोच वास सुटतो, म्हणून हात झाडत बसू नये, सरळ चालू लागावं. गांधीलमाशीकडे मधाचा साठाच नसतो. धुराने ती फक्त चिडते.

आणि पडवीतला म्हणाले ते अर्धंच. भिंतीत मधमाश्या असतील तर मारून भोक बुजवणं हा सर्वांत महागात पडणारा उपाय. पिल्लांभोवती त्या 34–35 अंश तापमान राखतात, पंखांनी वारा घालून. त्या मेल्या की वारा घालणारं कोणी उरत नाही. उन्हाने मेण ढिलं पडतं, मध भिंतीतून पाझरायला लागतो, मग मुंग्या, मेणकिडा आणि मेलेल्या पिल्लांचा वास. माझ्या मावशीच्या घरी रंगाच्या आतून चिकट ओघळ आले होते. दोनदा रंगवलं, दोनदा आले. शेवटी मधपाळ बोलावला. त्याने भिंत उघडून अख्खं पोळं कापून काढलं, पिल्लांच्या चकत्या दोऱ्याने चौकटीत बांधल्या आणि वसाहत घेऊन गेला. त्यानंतर पोकळी धुऊन भरली. भरली नसती तर जुन्या मेणाच्या वासावर नवा थवा आला असता.

तात्या_निवृत्त:
थव्यावरून सांगतो. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर अचानक मोठा घोस लटकला. सोसायटीत पळापळ, कोणी अग्निशामक दल म्हणतंय, कोणी मशाल. मी म्हटलं थांबा. दुसऱ्या दिवशी दुपारी उठून गेला.

रानवेडी:
तात्या, अगदी बरोबर केलंत. घर शोधायला निघालेला थवा तो. राखायला पिल्लं नसतात, मध नसतो, म्हणून सहसा शांत असतो. मात्र मोठं आग्यामोहोळ आणि थवा यांत गल्लत करू नका. मेणाची चकती दिसली की तो थवा नाही.

तात्या_निवृत्त:
चला, एकदा तरी बरोबर ठरलो.

बिनधास्त_बाबा:
मला एक सांगा. पावडर मारायला रात्री जायचं, अंग झाकायचं, म्हणजे टॉर्च हातात. मग दिसायचं कसं आणि वाचायचं कसं?

पडवीतला:
टॉर्च हातात धरूच नका, बाजूला लांब ठेवा, माश्या उजेडाच्या रोखाने येतात. काचेवर लाल कागद लावला तर आणखी बरं, लाल त्यांना जवळजवळ दिसत नाही. आणि शिडीवर चढून करायचं काम असेल तर करूच नका. डंखाने जितकं मोडत नाही तितकं शिडीवरून उडी मारल्याने मोडतं. घरात कोणाला अॅलर्जी असेल, पोळं फुटबॉलएवढं असेल किंवा भोक दिसतच नसेल, तर पैसे द्या आणि माणूस बोलवा. मूर्ख म्हणवून घ्या.

बिनधास्त_बाबा:
ठीक आहे, पंडितजी. रॉकेल मागे घेतो. सिमेंट शेवटी लावतो, आधी नाही. आणखी काही माफीनामा हवाय का, स्टँपपेपरवर?

मीच_ती:
चालेल.

शंकासुर:
मातीच्या नळ्या. चौथ्यांदा विचारत नाही.

रानवेडी:
अहो, ती कुंभारीण. एकटी राहते, राखायला वसाहत नाही, म्हणून हातात पकडल्याशिवाय सहसा डंख करत नाही. पावडर, धूर, पेस्ट कंट्रोल काही नको. खिडकी अडत असेल तर पत्र्याच्या तुकड्याने खरवडून टाका.

शंकासुर:
खरवडलं. प्रत्येक नळीत कोळी भरलेत. मेलेले नाहीत, पाय किंचित हलतायत, पण चालता येत नाही त्यांना. यांचं काय करू?

रानवेडी:
तिने डंख मारून लुळे केलेत, अळीची शिदोरी आहे ती. ते आता उठायचे नाहीत. बागेत टाका, मुंग्या नेतील.

तात्या_निवृत्त:
कोळ्यांसाठी वेगळा धागा काढा. हा आधीच फार लांबलाय.