भजनाच्या रेकॉर्डिंगला दोन इनपुटचा इंटरफेस पुरेल का?

पेटीवाला_देवगड

नमस्कार मंडळी. आमच्या वाडीचं भजन मंडळ आहे. बुवा आता सत्तरीला टेकलेत. त्यांच्या जुन्या चाली कुठे लिहिलेल्या नाहीत, सगळ्या गळ्यात आहेत. गणपतीच्या आधी त्यातल्या जमतील तेवढ्या घरीच नीट रेकॉर्ड करायच्या असं ठरलंय. मोबाइलवर केलं की झांजेपलीकडे काही ऐकूच येत नाही.

वर्गणीतून २५ हजार जमलेत. मंडळाकडे स्टेजचे चार डायनॅमिक माइक आणि स्टँड आहेत. लॅपटॉप जुना आहे, आय-थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज. दुकानात म्हणाले, फोकसराइट स्कारलेट टू-आय-टू (माइक लॅपटॉपला जोडायचा दोन इनपुटचा डबा, म्हणजे इंटरफेस) आणि एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) घ्या, एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करा. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी चालेल की विकतचं लागेल?

कुडाळकर_साउंड

टू-आय-टू चांगलाच आहे. एकटा गाणारा, गिटारवाला, घरी बसून पुस्तक वाचून रेकॉर्ड करणारा, यांनी डोळे झाकून घ्यावा. तुमच्या कामाला मात्र तो घेऊ नका.

एकेक वाद्य वेगळं करायचं म्हणजे कानात क्लिक (ठरावीक लयीची टिकटिक) लावून ठोक्यावर वाजवायचं. भजनात ते कसं जमणार? बुवा अभंग सावकाश धरतात, गजराला लय चढवतात, आणि ती कधी चढवायची हे पखवाजवाला बुवांच्या मानेवरून ओळखतो. कोरस तिथेच उचलतो. हीच माणसं वेगवेगळ्या दिवशी बसवलीत तर सूर बरोबर येतील, ताल बरोबर येईल, पण भजन उभं राहणार नाही. तेव्हा सगळे एकत्र बसणार हे आधी पक्कं करा आणि मग इनपुट मोजा. बुवा, पेटी, पखवाज, कोरस. झाले चार. बेरिंजरचा यूएमसी४०४एचडी बघा, त्याला चार माइक थेट लागतात आणि चौघांचे ट्रॅक वेगळे मिळतात.

कंडेन्सरचे पैसे वाचवा. एका खोलीत सगळे वाजवत असताना तो लांबची झांजही उचलून आणतो. स्टेजचे डायनॅमिक जवळ धरले तर तुमचं काम उत्तम होईल. बहुतेक स्टेज माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. म्हणून झांजवाल्याला बुवांच्या माइकच्या बरोबर पाठीकडे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवा. त्याला वेगळा माइक देऊच नका. तो सगळ्यांच्यात येतोच.

पखवाजाला वेळ द्या. शाईच्या (काळ्या गोलाच्या) बाजूला टणक, टोकदार बोल, ओली कणीक लावतात त्या बाजूला घुमारा. माइक एकच असेल तर तो एका तोंडावर रोखू नका. खोडाच्या मध्यावर समोरून वीत-दीड वीत अंतरावर धरा आणि शाईकडे किंचित वळवा. मग 'धा' वाजवून घ्या, ऐका, दोन बोटं सरकवा, पुन्हा ऐका. कणीक ओली आणि बेताची असू द्या. सुकली की घुमारा जातो, आणि तो नंतर कुठल्याही इक्वलायझरने परत येत नाही.

सॉफ्टवेअर रीपर घ्या. तुमच्या लॅपटॉपवर हलकं चालेल. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे. ऑडॅसिटी फुकट आहे आणि एकट्या आवाजाची काटछाट करायला झकास, पण चार ट्रॅकचा तोल सावरायला रीपर बरं पडतं. इंटरफेस कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजला इंटरफेसशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) आठवणीने टाका.

रत्नागिरी_वरची_आळी

एक गोष्ट राहिली. स्कारलेट यूएसबीवरच चालतो, ४०४ला मात्र स्वतःचा अडॅप्टर लागतो. गणपतीआधी म्हणजे भर पावसात. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण इंटरफेस बंद पडेल आणि ऐन रंगलेला गजर अर्ध्यावर तुटेल. इन्व्हर्टर असेल तर अडॅप्टर त्यावर टाका. राउटरला लावतात तो छोटा यूपीएसही चालू शकतो, फक्त व्होल्ट, अँपिअर आणि पिनचं प्लस-मायनस जुळतंय का ते अडॅप्टरवर वाचून घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढूनच रेकॉर्ड करा. जुन्या घरात अर्थिंग धड नसतं, चार्जर लावला की हूं आवाज येतो.

मालवणी_झील

माझा घर दर्यापासून जवळ, म्हणान सांगतंय. खाऱ्या वाऱ्यान जॅक हिरवे पडतत. काम झाला की माइक पुसून स्टीलच्या डब्यात ठेव, वांगडा सिलिका जेलची पुडी घाल. केबली ओल्या भुईर टाकू नको.

पेटीवाला_देवगड

दादा, सगळ्यांचे आभार. ४०४ घ्यायचं नक्की केलं. दोन शंका. घर कौलारू आहे, पावसाचा आवाज कसा टाळायचा? आणि लेव्हल किती ठेवायची?

कुडाळकर_साउंड

पडवीत बसू नका, तिथे वर नुसती कौलं. माजघरावर माळा असेल तर तिथेच बसा. माळ्याच्या फळ्या आणि वर ठेवलेलं सामान पाऊस बराच अडवतं. भिंतींना गोधड्या टांगा, खाली सतरंजी. जोराची सर आली की मात्र थांबा, चहा घ्या.

लेव्हल बोलून बघू नका. माणूस 'हॅलो हॅलो' हळू म्हणतो आणि गजराला दुप्पट चढतो. बुवांना सगळ्यात चढा गजर म्हणायला लावा आणि त्या वेळी मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकंच गेन (इंटरफेसवरून माइकचा आवाज वाढवणं) द्या. २४ बिटला (रेकॉर्डिंगचा वरचा दर्जा) रेकॉर्ड करताय, तेव्हा आवाज कमी वाटला तरी नंतर वाढवता येतो. फाटला की फाटला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला चार ट्रॅकचा एक तास साधारण दोन जीबी होतो, तेव्हा लॅपटॉपवर आधी जागा करा आणि रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी काढा.

मंडळी बसायच्या आधीच रेकॉर्ड दाबून ठेवा. प्रत्येक अभंगाआधी ती चाल बुवांनी कुणाकडून घेतली, कुठल्या रागावर आहे, पूर्वी कशी म्हणत, हे त्यांना माइकवर सांगू द्या. मध्ये थांबवू नका, कितीही वेळ लागला तरी.