स्वच्छता मोहिमा बंद करा म्हणणाऱ्यांना एक लांबलचक उत्तर

काठावरचा

'सरळरेषा' यांनी परवा या मंचावर लिहिले की, सार्वजनिक स्वच्छता मोहिमा म्हणजे उत्पादकांनी केलेली घाण नागरिकांकडून फुकटात उचलून घेण्याची युक्ती आहे, म्हणून त्या सरसकट बंद कराव्यात. त्यावर एकामागून एक अनुमोदने आली आणि कोणालाही एखादी शंकासुद्धा विचारावीशी वाटली नाही, याचे मला जास्त वाईट वाटले. नदीकाठचा कचरा उचलण्यात ज्याने वर्षानुवर्षे कंबर मोडून घेतली आहे, त्याने हे वाचून गप्प बसावे अशी अपेक्षा असेल, तर ती पूर्ण होणार नाही.

त्यांनी सांगितलेला इतिहास खरा आहे. 'कीप अमेरिका ब्युटिफुल' ही संस्था 1953 साली पेये आणि वेष्टने बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याच वर्षी व्हरमाँट राज्याने, परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यावर बंदी घातली होती, आणि असे कायदे इतरत्र होणे या कंपन्यांना परवडणारे नव्हते. 1971 च्या त्यांच्या गाजलेल्या जाहिरातीत कचरा पाहून अश्रू ढाळणारा मूलनिवासी दाखवला होता आणि प्रदूषण लोकच सुरू करतात, लोकच ते थांबवू शकतात, असे प्रेक्षकांना बजावले होते. तो नट मुळात इटालियन वंशाचा निघाला, हा त्यावरचा कळस. परंतु एका मोहिमेची नियत खोटी होती, एवढ्यावरून मोहीम हा प्रकारच खोटा ठरवणे मला मान्य नाही.

1986 साली टेक्सासच्या किनाऱ्यावर जी मोहीम झाली, तिच्यात सुमारे 2,800 स्वयंसेवक होते आणि त्यांच्या हातात पिशव्यांबरोबर नोंदीचे कागदही होते. कोणती वस्तू किती सापडली, हे त्यांनी लिहून ठेवले. तोच उपक्रम पुढे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम म्हणून जगभर गेला. युरोपीय संघाने 2019 साली एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिकवर निर्देश काढला, तेव्हा कोणत्या वस्तूंवर बोट ठेवायचे हे कोणाच्या मनात आले म्हणून ठरले नाही. किनाऱ्यांवरच्या मोजणीत सर्वाधिक सापडलेल्या दहा वस्तू आणि मासेमारीची जाळी-दोर मिळून सागरी कचऱ्याचा सुमारे 70 टक्के भाग होतो, असे दिसले, आणि त्याच वस्तू कायद्याच्या कचाट्यात आल्या. स्ट्रॉ, काटे-चमचे, ताटल्या आणि कान कोरायच्या काड्यांवर 3 जुलै 2021 पासून तिथे बंदी आहे. उचललेला कचरा मोजला, तर तो उत्पादकाविरुद्धचा पुरावा होतो, आणि न मोजता गाडीत भरला, तर केवळ गाडी भरते. सरळरेषा यांना हा फरक दिसत नाही, की दिसूनही तो सांगायचा नाही, हे त्यांनीच स्पष्ट करावे.

सरळरेषा

माझ्या लेखनाची इतक्या विस्ताराने दखल घेतल्याबद्दल आभार मानतो, जरी त्यातील निम्मा भाग माझेच म्हणणे मला परत सांगण्यात खर्च झाला आहे.

ज्या युरोपीय मोजणीचा दाखला आपण दिलात, ती कशी होते हे सांगायचे मात्र राहून गेले. किनाऱ्याचा शंभर मीटरचा ठरावीक पट्टा घ्यायचा, वर्षातून चार वेळा तोच पट्टा तपासायचा आणि ठरलेल्या यादीतील वर्गवारीनुसार प्रत्येक तुकडा नोंदवायचा, अशी ती पद्धत आहे. सकाळी टोप्या घालून जमायचे, पाहुण्यांच्या हस्ते पहिली बाटली उचलायची आणि नऊच्या आत घरी परतायचे, या प्रकाराशी तिचे नाते काय?

आता माझा अनुभव. एका मोठ्या मोहिमेत मी स्वतः नोंदीचा कागद घेऊन उभा होतो. प्रायोजक एक पेयकंपनी होती. संध्याकाळी अहवाल तयार होताना त्यातून ब्रँडचा रकाना गाळण्यात आला, आणि कारण विचारल्यावर 'सकारात्मक संदेश द्यायचा आहे' असे उत्तर मिळाले. त्या दिवसापासून मी मोहिमांना जात नाही, आणि हे मी आळसामुळे लिहितो असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे.

परिणाम कशाने होतो, ते आयर्लंडने 2002 सालीच दाखवून दिले. प्रत्येक पिशवीवर 15 सेंटचा कर लावला आणि पिशव्यांचा वापर 90 टक्क्यांहून अधिक घटला. त्यासाठी कोणालाही टोपी घालावी लागली नाही.

निळी शाई

दोघांचेही वाचले. आयर्लंडमध्ये कराच्या आधी आणि कराबरोबर सरकारने जनजागृतीची मोठी मोहीम चालवली होती, तेव्हा टोपी नसली तरी प्रचार होताच, एवढे नोंदवून माझ्या खऱ्या तक्रारीकडे वळते.

मोहिमांमध्ये फुकट वाटल्या जाणाऱ्या कापडी पिशव्यांबद्दल कोणी बोलणार आहे की नाही? माझ्या कपाटाचा एक कप्पा केवळ त्यांनीच भरला आहे. प्रत्येकीवर पृथ्वीचे चित्र, एखादे घोषवाक्य आणि त्या घोषवाक्यापेक्षा मोठे प्रायोजकाचे बोधचिन्ह. त्यातील अर्ध्या पिशव्या कापडाच्या नाहीतच; त्या न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या आहेत, म्हणजे प्लास्टिकच्याच, फक्त स्पर्श कापडासारखा. 'प्लास्टिक टाळा' हे वाक्य प्लास्टिकवर छापून वाटणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, हे मला समजत नाही. ज्यांच्या फलकाचे फ्लेक्ससुद्धा पीव्हीसी या प्लास्टिकचे असते, त्यांच्याकडून अधिक काय अपेक्षा करावी म्हणा.

उलटतपासणी

निळी शाई यांनी पिशवीचा विषय काढलाच आहे, तर तो पुरता होऊन जाऊ द्या. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने 2018 साली पिशव्यांच्या संपूर्ण जीवनचक्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. पर्यावरणाच्या हानीच्या हिशेबात साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायचे, तर सुती पिशवी 7,100 वेळा आणि सेंद्रिय कापसाची पिशवी 20,000 वेळा वापरावी लागते, असे त्यात आहे. रोज एकदा वापरली तरी 20,000 वेळांना जवळपास 55 वर्षे लागतात. तेव्हा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांना नावे ठेवणाऱ्या बाईंनी हे समजून घ्यावे की, त्या अभ्यासात पॉलिप्रॉपिलीनची पिशवी सुती पिशवीपेक्षा कितीतरी सरस ठरली आहे. भावना दुखावल्या असतील तर इलाज नाही. आकडे भावना पाहून बदलत नाहीत.

निळी शाई

'बाईंनी' हा शब्द आपण टाळू शकला असता. असो.

तो अभ्यास मीही वाचला आहे, आणि आपण फक्त त्याच्यावरच्या बातम्या वाचलेल्या दिसतात. 7,100 हा आकडा सर्व पर्यावरणीय निकषांपैकी जो सर्वांत प्रतिकूल, त्यावरून आला आहे, आणि तो निकष ओझोन थराच्या हानीचा आहे. केवळ हवामानबदलाचा निकष धरला, तर त्याच अभ्यासात सुती पिशवीसाठी 52 वेळा असा आकडा येतो, आणि 52 वेळा पिशवी वापरणे ही काही तपश्चर्या नाही. सेंद्रिय कापसाची पिशवी आकाराने थोडी लहान होती, म्हणून हिशेबात एकीच्या जागी दोन पिशव्या धरल्या गेल्या, आणि आकडा फुगायला तेही एक कारण आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा परिणाम त्या अभ्यासाने मोजलाच नाही, कारण डेन्मार्कमध्ये तो नगण्य मानला गेला. ज्या देशांत पिशव्या गटारांत अडकतात, तिथे हा अभ्यास वेदवाक्य म्हणून कसा चालेल? बांगलादेशाने 2002 साली पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी घातली, ती पुराच्या काळात त्या पिशव्यांनी गटारे तुंबवली म्हणून. ओझोन थराच्या काळजीने नव्हे.

उलटतपासणी

52 तर 52. पण आपल्या कपाटात पडून असलेल्या पिशव्या आपण 52 वेळा वापरल्या आहेत का, याचे उत्तर आपल्याच तक्रारीत आहे. न वापरलेली सुती पिशवी ही एकदा वापरलेल्या प्लास्टिक पिशवीहून महाग पडते, हे म्हणणे मी कायम ठेवतो. कचरा मोजला गेला नाही, हा मुद्दा मात्र रास्त आहे; तो मान्य करताना मला अजिबात आनंद होत नाही.

निळी शाई

म्हणूनच वाटू नका म्हणते आहे मी! पहिल्या प्रतिसादापासून माझे म्हणणे तेच आहे. आपण माझ्याशी भांडण्याच्या उत्साहात माझीच बाजू मांडत आहात.

तिसरी घंटा

पिशव्यांचा निकाल लागला असेल, तर ज्यांच्याकडे एकही पिशवी फुकट येत नाही, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिते.

जगात पुनर्प्रक्रियेसाठी गोळा होणाऱ्या प्लास्टिकपैकी निम्म्याहून अधिक प्लास्टिक कचरावेचक गोळा करतात. ज्या मोहिमेचे आयोजन मी जवळून पाहिले, तिच्यात स्वयंसेवकांनी सर्वप्रथम पेटच्या, म्हणजे पाणी-पेयांच्या पारदर्शक प्लास्टिकच्या, बाटल्या उचलल्या, कारण त्या मोठ्या आणि स्वच्छ असतात आणि पिशवी लवकर भरते. नेमक्या त्याच बाटल्यांना भंगारात भाव मिळतो. रोज तिथे वेचायला येणाऱ्या बायका कडेला उभ्या राहून हे पाहत होत्या, आणि सगळा माल मिश्र कचऱ्याच्या गाडीत गेला. मागे राहिले ते बहुस्तरीय वेष्टनांचे तुकडे, ज्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, जे वेगळे करणे परवडत नाही आणि म्हणून कोणीही विकत घेत नाही. मी आयोजकांना हे सांगितले, तेव्हा 'ताई, आज वातावरण बिघडवू नका' असे उत्तर मिळाले.

वातावरण बिघडवण्याचा आरोप पर्यावरणाच्या कार्यक्रमात व्हावा, यावर मी काय बोलणार! मोहीम करायचीच असेल, तर बाटल्या वेचणाऱ्यांसाठी सोडा आणि ज्याला भाव नाही ते उचला. तसे छायाचित्र चांगले येत नाही, हे मला माहीत आहे.

काठावरचा

तिसरी घंटा यांची सूचना मी पुढच्याच वेळी अमलात आणणार आहे, कारण ती धाग्यातील उरलेल्या सर्व प्रतिसादांपेक्षा उपयोगी आहे, माझ्या लेखनासकट.

सरळरेषा यांना मात्र उत्तर देणे भाग आहे. प्रायोजकाने रकाना गाळला, याचा अर्थ त्याला मोजणीची भीती वाटली. ज्या गोष्टीला पेयकंपनी घाबरते, तीच गोष्ट आपण निरुपयोगी म्हणून सोडून देता, हा तर्क माझ्या बुद्धीपलीकडचा आहे. प्रायोजक सोडा, मोजणी ठेवा. शंभर मीटरचा पट्टा आणि ठरलेली यादी हाताळायला पदवी लागत नाही. स्वयंसेवकांना ते शिकवता येते.

'ब्रेक फ्री फ्रॉम प्लास्टिक' या चळवळीच्या स्वयंसेवकांनी 2018 ते 2022 या काळात 84 देशांत कचऱ्यावरचे ब्रँड नोंदवले. त्या 18 लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदींवर आधारलेला शोधनिबंध 2024 साली 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये छापून आला. ज्या वस्तूंवर नाव वाचता आले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक वस्तू अवघ्या 56 कंपन्यांच्या होत्या आणि एकट्या कोका-कोलाचा वाटा 11 टक्के होता. कंपनीचे उत्पादन एक टक्क्याने वाढले की तिचा कचराही जवळपास तेवढाच वाढतो, असेही त्यात दिसले. हे सगळे काम रविवारी सकाळी झोप न काढणाऱ्यांनी केले आहे.

सरळरेषा

त्या निबंधातील जे वाक्य आपण गाळलेत, ते मी पुरवतो. 18 लाखांपैकी 52 टक्के वस्तूंवर कोणतेही नाव नव्हते. उन्हाने, पाण्याने ते पुसले गेले असेल किंवा मुळातच छापलेले नसेल. म्हणजे आपल्या पुराव्यातील अर्धे आरोपी निनावी आहेत.

तरीही, ब्रँडचा रकाना असलेली, प्रायोजक नसलेली आणि भाषणे नसलेली मोहीम कोणी करत असेल, तर तिला माझा विरोध नाही, असे लिहून देतो. तशी मोहीम सापडण्याची शक्यता किती, हे आपणच सांगावे. पण ही मोजणी शेवटी कोणापुढे ठेवणार? नैरोबीत 2022 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत 175 देशांनी प्लास्टिकविषयी बंधनकारक करार करण्याचे ठरवले. त्यानंतर 2024 च्या अखेरीस दक्षिण कोरियातील बुसानमध्ये आणि ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात बैठका झाल्या, आणि उत्पादनावर मर्यादा घालायची की फक्त कचऱ्याचे व्यवस्थापन करायचे, या मुद्द्यावर दोन्ही वेळा गाडी अडली. पुरावा कमी पडला म्हणून ती अडलेली नाही.

काठावरचा

ते वाक्य गाळले हे खरे, आणि आपण ते शोधून काढणार याची खात्रीही होती. पण निनावी 52 टक्के हा मोजणीविरुद्धचा मुद्दा नव्हे. उत्पादकांना आपल्या मालाची आणि वेष्टनांची माहिती देणे सक्तीचे करा, ही मागणी त्या निबंधाच्या लेखकांनी याच आकड्याच्या जोरावर केली आहे, आणि मोजल्याशिवाय तो आकडा कोणालाच कळला नसता. जिनिव्हात पुरावा कमी पडला नाही हे मान्य. पण पुरावा नसता तर उत्पादनाचा विषय त्या मेजावर पोहोचलाच नसता.

आपण नोंदीचा कागद हाताळलेला आहे आणि रकाना कुठे गाळला जातो हेही आपल्याला ठाऊक आहे. आमचा पट्टा ठरलेला आहे, प्रायोजक नाही, भाषण मीसुद्धा करत नाही. यादी तपासायला एक खवचट माणूस हवाच आहे. आपली सोय कोणत्या दिवशी होईल, ते कळवावे.

निळी शाई

येताना पिशवी स्वतःची आणावी.

उलटतपासणी

कितव्यांदा वापरलेली, तेही नोंदवावे.